हेल्मेट आणि जुनी रेस कार एकाच रंगात, घरच्या घरी

गाडी आणि हेल्मेट मॅचिंग हवं असं रेसिंगवाल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच, आणि घरी जमतंही ते, फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, रंग एकच असला तरी दोन्हीकडची तयारी एकदम उलटी आहे. गाडी पत्र्यापर्यंत खरवडायची आणि हेल्मेटला जेवढं कमी छेडता येईल तेवढं कमी छेडायचं. गाडी म्हणून आपली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट ११०० धरू, चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर एकेकाळी या फियाट पळायच्याच की.

आधी हेल्मेट. शेल कशाचं आहे ते आतल्या लेबलवर बघा. पॉलीकार्बोनेट किंवा एबीएस प्लास्टिक असेल तर विषय तिथेच संपला, थिनरने ते प्लास्टिक आतून कमजोर होतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही, आपटल्यावरच कळतं. फायबरग्लास किंवा कार्बनचं असेल तरच पुढे जा, तेही कंपनी रंगवायला परवानगी देते का हे मॅन्युअलमध्ये वाचून, कारण एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमातही कंपनीने सांगितलेलेच पेंट वापरा असं स्पष्ट आहे.

व्हायजर, व्हेंट, निघेल ते सगळं काढा, स्क्रू डबीत ठेवा. आतला थर्माकोल थिनरच्या नुसत्या शिंतोड्यानेही विरघळतो, म्हणून खालचं तोंड आणि व्हायजरची खिडकी प्लास्टिक आणि टेपने पूर्ण बंद करा, इथे आळस नको. मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि ६०० चा वॉटर पेपर ओला करून फक्त चमक जाईपर्यंत घासा. खालचे धागे दिसायला लागले तर तुम्ही फार पुढे गेलात. लांबी (पुट्टी) वगैरे अजिबात भरायची नाही, चीर लपवायला तर नाहीच, चीर असेल तर ते हेल्मेट शोकेसमध्ये.

डिझाइन साधं ठेवा. फॉर्म्युला वन ड्रायव्हर ग्रॅहम हिलच्या गडद निळ्या हेल्मेटवर लंडन रोइंग क्लबच्या वल्ह्यांचे पांढरे पट्टे होते, बास, एवढंच. फॉर्म्युला वनच्याच आयर्टन सेनाचं, पेंटर सीड मोस्काने केलेलं पिवळं हेल्मेट, त्यावर हिरवा आणि निळा पट्टा, आजही लांबून ओळखू येतं. बारीक ड्रॅगन, कवट्या, ज्वाळा स्टँडमधून नुसता चिखल दिसतो हो. पट्ट्यांसाठी साधी मास्किंग टेप नको, ३ मिमीची फाइनलाइन टेप घ्या, ती गोलाईवर नीट वळते. कडा नखाने दाबा, हलके कोट मारा आणि रंग अर्धवट सुकलेला असतानाच टेप तिरकी ओढून काढा.

आता गाडी, आणि खरी मेहनत इथे आहे. जुन्या फियाटवर किती वेळा पेंट झालाय देव जाणे, म्हणून एका कोपऱ्यात थिनरचं फडकं घासून बघा. रंग फडक्यावर उतरला तर तो जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे ड्यूको, त्याच्यावर २के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पेंट, मारलात तर सुरकुत्या येऊ शकतात, सरळ खरवडून काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडं घासू नका, पाणी मारतच घासा आणि पोरांना लांब ठेवा. चाकांच्या कमानी, दाराच्या खालच्या कडा, बॅटरीखालचा पत्रा इथे गंज हमखास असतो. नुसती लांबी भरून तो झाकणारे पेंटर खूप आहेत, पण पुढच्या पावसाळ्यात तो फुगून वर येतोच, सडलेला पत्रा कापून नवीन वेल्ड करायचा. उघडा पत्रा नीट सुकवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे, मुंबईच्या दमट हवेत तर रात्रभरही थांबू नका. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका, रंगावर पांढरट धुकं धरतं.

शेड मॅच व्हायला दोन्हीचा रंग एकाच वेळी मिक्स करून घ्या आणि खालचा प्रायमरही एकाच रंगाचा ठेवा, पिवळा आणि लाल तर खालचं सगळं दाखवतात, त्यांच्याखाली पांढरा. दारावरचा पांढरा गोल आणि नंबर मात्र ट्रकवर नावं रंगवणाऱ्या पेंटरकडून ब्रशने करून घ्या, स्टिकरला ती मजा नाही.

शेवटचा २के क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक चकचकीत थर, पार्किंगमध्ये नको. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसं कायमची बिघडवू शकतं, रुमाल किंवा धुळीचा मास्क काही कामाचा नाही. पेंट मारायची बंद खोली, म्हणजे बूथ, असलेल्या गॅरेजला सांगा फक्त क्लिअर मारून द्या, आणि हेल्मेट हीटरमध्ये टाकू नका हे दोनदा सांगा, ते हवेवरच सुकू दे. वास पूर्ण जाईपर्यंत डोक्यात घालू नका.

गाडी रस्त्यावरही चालवणार असाल तर रंग बदलण्याआधी आरटीओत विचारा, आरसीवर नवा रंग चढवावा लागतो. नाहीतर सिग्नलवर मामा आधी गाडीकडे बघणार, मग कागदाकडे.