तुर्भ्याचा फाटा : सुडोकूसाठी रेषेचा नवा नियम कसा घडवावा

ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बर मार्गावरची गाडी दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करीत तुर्भ्याला येते, आणि तेथून एक मार्ग सानपाड्यावरून वाशीला, तर दुसरा जुईनगरवरून नेरूळ-पनवेलकडे वळतो. या प्रवासात चौकटीच्या वहीवर सुडोकू मांडत बसण्याची मला सवय आहे. काही सुडोकूंत घरांवरून रेषा आखलेली असते आणि तिच्यावरील अंकांना नेहमीच्या नियमांखेरीज आणखी एक नियम लागू होतो. अशा रेषेला तुर्भ्यासारखाच फाटा फोडून पाहावा, असे एकदा सुचले.

नियम सुचणे सोपे असते. तो घरांतील अंकांवर काही सक्ती करतो का, हे आधी तपासावे लागते. ‘जर्मन व्हिस्पर्स’ या परिचित प्रकारात रेषेवरील लगतच्या दोन अंकांत निदान ५ चा फरक लागतो. एवढ्याशा अटीमुळे ५ हा अंक रेषेवर येऊच शकत नाही, लहान आणि मोठे अंक आळीपाळीने येतात, ४ च्या शेजारी फक्त ९ बसतो आणि ६ च्या शेजारी फक्त १. याउलट ‘रेषेवर निदान एक सम अंक असावा’ असा नियम केल्यास तो खोटा नाही, पण बहुतेक ठिकाणी तो काहीच सांगत नाही. असे नियम मी वहीच्या मागच्या पानावर ठेवून देतो.

माझा नियम असा : जंक्शनच्या घरातून तीन शाखा निघतात आणि तिन्ही शाखांवरील अंकांची बेरीज समान असते, जंक्शनचा अंक कोणत्याही बेरजेत धरायचा नाही. आता मांडणी करू. पाचव्या आडव्या ओळीतील पहिली दोन घरे हा मुख्य मार्ग, तिसरे घर जंक्शन, आणि तेथून तिरपे जाऊन मधल्या ३×३ चौकोनाची वरची तीन घरे हा एक फाटा, तर खालची तीन घरे हा दुसरा.

दोन्ही फाटे एकाच चौकोनात असल्याने त्यांतील सहाही अंक वेगळे असतात आणि त्यांची बेरीज २१ पेक्षा कमी होऊ शकत नाही. दोन्ही बेरजा समान हव्यात, म्हणून प्रत्येक फाटा निदान ११ चा. मुख्य मार्गावर दोनच घरे असल्याने तेथे जास्तीत जास्त १७ होतात. म्हणजे एकही अंक न देता बेरीज ११ ते १७ मध्ये अडकली आणि मुख्य मार्गावर १ येऊ शकत नाही, हेही कळले. १ ते ९ ची बेरीज ४५, म्हणून फाट्यांची बेरीज ११ असेल, तर त्या चौकोनाच्या मधल्या तीन घरांना २३ उरतात, म्हणजे ६, ८ आणि ९. ते याच पाचव्या ओळीत असल्यामुळे मुख्य मार्गाला ४ आणि ७ एवढेच राहतात. बेरीज १६ असेल तर तेथे ७ आणि ९ हवेत. म्हणून डावीकडच्या मधल्या चौकोनात मुख्य मार्गाबाहेरच्या एखाद्या घरात ७ दिला, की ११ आणि १६ या दोन्ही शक्यता एकदम बाद होतात. कोड्याची सुरुवात मी अशाच जागी ठेवतो.

भरलेले कोष्टक घेऊन त्यावर रेषा आखण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण अशा कोड्यात सोडवणाऱ्याला वाट सापडत नाही. त्यापेक्षा कोष्टक रिकामे ठेवून, सोडवणाऱ्याच्याच जागी बसून पुढे जावे, आणि तर्क जेथे थांबेल तेथेच नवी रेषा किंवा एखादा अंक द्यावा. साध्या सुडोकूत एकच उकल राहण्यासाठी निदान १७ अंक द्यावे लागतात, हे २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. रेषांच्या कोड्यात मात्र एकही अंक न देता भागू शकते.

नियमाच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. माझ्या पहिल्या मसुद्यात जंक्शनविषयी काहीच लिहिलेले नव्हते. ऐरोलीच्या एका मित्राने जंक्शनचा अंक फक्त मुख्य मार्गात धरला, कारण त्याच्या मते ठाण्याची गाडी तुर्भ्यापर्यंत एकच असते, आणि तासाभराने कोडे चुकल्याचे सांगितले. तिन्ही बेरजांत तो धरला असता, तर गंमत म्हणजे काहीच बिघडले नसते.

शेवटी उकल एकच आहे का, ते पाहावे. कोडी मांडण्याच्या एफ-पझल्ससारख्या संगणकीय साधनात शोभेची रेषा आखता येते, परंतु तुमचा स्वतःचा नियम त्याला ठाऊक नसतो. त्यासाठी तिन्ही शाखांवर किलर सुडोकूचे पिंजरे, म्हणजे आतील अंकांची बेरीज ठरवून दिलेले घरांचे गट, टाकून प्रत्येकाला आधी ११, मग १२, असे १७ पर्यंत बेरजेचे आकडे द्यावेत आणि सातही वेळा उकली मोजाव्यात. येथे प्रत्येक शाखा एकाच चौकोनात असल्याने पिंजऱ्याची ‘अंक पुन्हा नको’ ही अट आड येत नाही. सातही वेळांची मिळून उकल एकच निघाली पाहिजे. दोन निघाल्या, तर त्या शेजारी ठेवून कोणत्या घरांत फरक पडतो ते पाहावे आणि त्यांपैकीच एका घरात पुढचा अंक द्यावा.