आधी काय बिघडलं?

न्यूरोलॉजिस्टकडे जाण्याआधी घरात बसून एकच गोष्ट आठवा: आधी काय बिघडलं? "आई विसरते" एवढ्यावर डॉक्टरांना हा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कोणत्या प्रकारचा, ते ठरवता येत नाही. शिवाय त्यांच्यासमोर म्हातारी माणसं अशी सावरून बसतात की आपणच खोटे पडतो.

सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, पण माहेरच्या गोष्टी तोंडपाठ, आणि हे हळूहळू वाढत गेलेलं, तर संशय अल्झायमरचा. सगळ्यांत जास्त आढळतो तो हाच. बरेच महिने जैसे थे आणि मग अचानक एक पायरी खाली, त्यात बीपी-शुगर जुनी किंवा पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, तर व्हॅस्क्युलर, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा.

आमच्या सासूबाईंचं यात कुठेच बसेना. दूधवाल्याचा हिशेब चोख, पण कपाटापाशी लहान मुलं बसलेली दिसायची. "त्यांनाही पोहे दे गं," म्हणायच्या. शेजारणीने दृष्ट काढायला सांगितली. एक दिवस लख्ख, दुसऱ्या दिवशी बधिर. पाय घासत चालायच्या. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं तर कित्येक वर्षं आधीपासूनचं. मामंजी त्यावरून चेष्टा करायचे. हा लेवी बॉडी डिमेन्शिया. तो ओळखावाच लागतो, कारण भासांवर देतात त्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी असे रुग्ण ताठरतात, गुंगीत जातात, कधी जिवावरही बेततं. तेव्हा झोप, भास आणि चाल, तिन्ही डॉक्टरांनी न विचारता सांगा.

पन्नाशीतला सालस माणूस चारचौघांत अचकटविचकट बोलू लागला, गोड खात सुटला, घरातल्या आजारपणाचंही त्याला काही वाटेना, तर फ्रंटोटेम्पोरल, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांचा डिमेन्शिया, असू शकतो. यात सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते, म्हणून घरचे स्वभावालाच दोष देत बसतात.

दोन दिवसांत एकदम भ्रम झाला असेल तर हे प्रकार बाजूला ठेवा. लघवीचं इन्फेक्शन, कमी झालेलं सोडियम, नवीन गोळी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. बी-१२, थायरॉईड आणि मेंदूचा स्कॅन यांबद्दलही विचारा, कारण काही कारणं उपचारांनी सुधारतात. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडल्या असतील तर तेही सांगा, डोक्याला मार लागून आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं.

उतारवयात दोन प्रकार एकत्रही असतात. त्यामुळे स्वतः नाव ठरवू नका. काय, कधी सुरू झालं ते क्रमाने लिहा, चालण्याचा व्हिडिओ मोबाईलवर घ्या. आईसमोर बोलवत नाही ते चिठ्ठीत लिहून आधीच आत पाठवा.