डिझाइनला हात घालण्याआधी: नेमकं अडतंय कुठे, हे कसं शोधायचं

‘आम्हाला ॲप पाहिजे.’ ‘लोगो जुना वाटून राहिला, नवा करून द्या.’ ‘वेबसाइट त्या पुण्याच्या कंपनीसारखी झाली पाहिजे.’ नागपुरात डिझाइनचं काम घेऊन येणारी माणसं साधारण इथूनच सुरुवात करतात. मेडिकलच्या दुकानात जाऊन थेट गोळीचं नाव सांगावं तसं. दुखतंय काय, कोणाला, कधीपासून, हे कोणी काढत नाही. आपल्यालाही काम हवंच असतं, म्हणून आपणही लगेच रंग आणि फॉन्ट दाखवायला बसतो.

माझी पद्धत अशी आहे की, अडचण काय आहे हे सांगणारं अर्धं पान, साध्या मराठीत, क्लायंटने वाचून मान्य केलेलं, हातात आल्याशिवाय मी लॅपटॉप उघडत नाही. ते अर्धं पान कसं मिळवायचं, तेवढंच इथे सांगते.

पहिली भेट क्लायंटच्या जागेवर घ्या. धरमपेठेतल्या कॅफेत बसलं की माणूस पुढच्या पाच वर्षांची स्वप्नं सांगतो. स्वतःच्या गादीवर बसला की फोन वाजतात, पोरं काहीतरी विचारायला येतात, कोणीतरी भांडायला येतं, आणि निम्मी माहिती न विचारता मिळते.

गांधीबागेतल्या एका साडीच्या ठोक व्यापाऱ्यांचं उदाहरण घेते. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, तिकडे छिंदवाड्यापर्यंतचे दुकानदार त्यांचं गिऱ्हाईक. त्यांना ॲप हवं होतं, म्हणजे दुकानदार घरबसल्या ऑर्डर देतील. अशा वेळी ‘तुमची समस्या काय?’ असं विचारू नका. उत्तर येतं, ‘समस्या काही नाही जी, फक्त ॲप पाहिजे.’ त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारा. ‘मागच्या वेळी ऑर्डरचा घोळ कधी झाला? पहिल्या फोनपासून सांगा.’ मग शेठ खुलले. चंद्रपूरच्या दुकानदाराने व्हॉट्सॲपवर फोटो परत पाठवून ‘हे वीस पाठवा’ म्हटलं होतं. गेल्या त्या दुसऱ्याच हिरव्या साड्या. गठ्ठा परत आला आणि जाण्यायेण्याचं ट्रान्सपोर्टचं भाडं कोणी भरायचं यावरून वाजलं. मुनीमजींनी न सांगताच परत आलेल्या मालाची वही काढली. त्यात बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या, नंबरापुढे पुन्हापुन्हा एकच शेरा होता: ‘रंग चुकला’.

जपानच्या टोयोटा कंपनीतून आलेली पाच वेळा ‘का?’ विचारायची पद्धत डिझाइनच्या वर्गांत फार शिकवतात. कारखान्यातल्या मशीनच्या बाबतीत ती उत्तम आहे. पण भर दुपारी गादीवर बसलेल्या माणसाला तिसऱ्यांदा ‘का?’ विचारलं, की त्याला वाटतं आपली झडती चालू आहे. ‘मग पुढे काय झालं?’ एवढं विचारत राहिलं तरी कारण बाहेर येतं, आणि चहाही मिळतो.

त्यानंतर वस्तू बघायला मागा. ऑर्डर ज्या फोनवर येतात तो फोन, ती वही, ते बिल. काउंटरवरच्या पोराने मला त्याच्या मोबाइलमधले फोटो दाखवले. पांढऱ्या गादीवर ट्यूबलाइटखाली घडी उघडलेली साडी, मग दुसरी, मग तिसरी. कुठल्याच फोटोत डिझाइन नंबर नाही. या दोन हिरव्यांत फरक काय, म्हणून विचारलं तर तो हसला. ‘मॅडम, या लाइटमधी सारेच सारखे दिसते.’ मग नंबराची चिठ्ठी फोटोत का घेत नाहीस? त्याने साडीच्या कोपऱ्याची चिठ्ठी उलटून दाखवली. डिझाइन नंबर आणि ठोक भाव एकाच चिठ्ठीवर, एकाखाली एक. दुकानदार हाच फोटो आपल्या गिऱ्हाइकाला दाखवतो, त्यात ठोक भाव दिसला तर त्याचा धंदा बसला. म्हणून पोरं चिठ्ठी मुद्दाम दुमडून ठेवतात.

हे शेठजींना माहीत नव्हतं. पोरांना माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आता वापरणाऱ्यांकडे जायचं, आणि क्लायंटला सोबत न घेता जायचं. ज्या दुकानदाराची उधारी शेठकडे थकली आहे, तो शेठसमोर ‘सगळं छान आहे’ एवढंच म्हणेल. वर्ध्याच्या दुकानदाराला मी ॲपबद्दल विचारलंच नाही. त्याच्या दुकानात एक सकाळ बसले. गिऱ्हाईक समोर असताना तो फोटो दाखवतो, बाईंनी मान हलवली की तिथल्या तिथे नागपूरला पाठवून देतो. दोन्ही हातांत कापड, खांद्यावर फोन. ॲप उघडून, पासवर्ड टाकून, यादीत शोधायला त्याला उसंतच नाही. ‘हे असं ॲप आलं तर वापराल का?’ हा प्रश्न म्हणूनच बिनकामाचा आहे. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. हो हो म्हणतील, आणि तुम्ही त्या होकारावर इमारत बांधाल.

किती जणांना भेटायचं? पाच पुरे, असं बरेच जण ठोकून देतात. तो आकडा वेबसाइट वापरायला सोपी आहे का हे तपासणारे तज्ज्ञ जेकब निल्सन यांच्या २००० सालच्या लेखातून आला आहे, आणि तिथे विषय तयार झालेल्या इंटरफेसच्या, म्हणजे माणूस जो स्क्रीन वापरतो त्याच्या, चाचणीचा आहे. अडचण शोधायला तो नियम लावू नका. इथे आकड्यापेक्षा प्रकार बघा: मोठा दुकानदार, छोटा, मराठी बोलणारा, हिंदी बोलणारा, आणि ज्याने या शेठकडून माल घेणं बंद केलं तो. हा शेवटचा माणूस मी कधीच सोडत नाही.

धंतोलीसारख्या दवाखान्यांच्या भागात काम आलं तर वापरणारे आणखी वेगळे. तिथे गडचिरोलीचे लोक येतात, बैतूल-बालाघाटचे येतात, आणि पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त फिरतात. एका हॉस्पिटलला ‘प्रीमियम’ पाट्या हव्या होत्या, कारण लोक सतत चुकतात. मी सकाळच्या ओपीडीत वही घेऊन वॉचमनशेजारी उभी राहिले आणि त्याला लोक काय विचारतात याच्या रेघा मारत गेले. एक्स-रे कुठे, सोनोग्राफी कुठे, हे प्रश्न होतेच. पण सगळ्यात जास्त रेघा होत्या ‘पैसे आधी भरायचे की नंतर?’ याच्या. लोक खोली चुकत नव्हते, क्रम चुकत होते. आधी तपासणीच्या दारात जायचे, तिथून बिलाच्या खिडकीवर, तिथून पुन्हा वर. पाट्या कितीही चकचकीत केल्या असत्या तरी त्या जिन्यावरची गर्दी हटली नसती. कोणत्याही इमारतीत वॉचमन, लिफ्टमन आणि चहा देणारा पोऱ्या यांच्याशी आधी बोला. साहेबांना सगळ्यात शेवटी भेटलं तरी चालतं.

अडचण जेव्हा घडते तेव्हाच ती बघा, हेही तितकंच महत्त्वाचं. संत्र्याच्या पेटीचं काम घेतलंत तर आंबिया किंवा मृग बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या दोन हंगामांचा, माल नागपूरच्या कळमना मार्केटात उतरतो त्या दिवसांत पहाटे जा. उन्हाळ्याच्या शेवटी रिकामं मार्केट बघून पेटीबद्दल काही कळत नाही. क्लायंट म्हणेल घाई आहे. त्याला तारीख सांगा आणि थांबा.

हे काही मी शोधलेलं नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याने भारत सरकारच्या सांगण्यावरून एक अहवाल लिहिला. १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, तिच्यामागे हा अहवाल होता. त्यांना इथल्या वस्तूंमध्ये सर्वांत आवडला तो आपला लोटा. पण कौतुक करून ते थांबले नाहीत. पाणी किती आणायचं, हात केवढे, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरल्यावर तोल कसा आणि रिकामा असताना कसा, अशी प्रश्नांची रांगच त्यांनी लावली. मी नव्या मुलांना ती रांग वाचायला लावते.

मग लिहायला बसायचं. गांधीबागेचं पान थोडक्यात असं होतं:

‘बाहेरगावचा दुकानदार व्हॉट्सॲपवर आलेला फोटो गिऱ्हाइकाला दाखवून लगेच ऑर्डर देतो. फोटोत डिझाइन नंबर नसतो, कारण नंबराच्या चिठ्ठीवर ठोक भावही असतो. त्यामुळे मिळत्याजुळत्या रंगाचा दुसरा माल जातो, परत येतो आणि भाड्यावरून वाद होतो. पुढच्या लग्नसराईत “रंग चुकला” म्हणून परत येणारे गठ्ठे मुनीमजी वेगळे लिहितील. ते कमी झाले तर काम जमलं असं दोघं मानू. उधारी, स्टॉक आणि बिलिंग या कामात नाही.’

यात कोणाला त्रास होतो, कधी, कशामुळे, सुधारलं हे कसं ओळखायचं आणि आपण काय करणार नाही, एवढं आलं पाहिजे. शेवटचं वाक्य टाळलंत तर महिनाभरात ‘एवढं केलंच आहे तर उधारीचंही टाकून द्या ना’ येतंच. आणि या पानात उपायाचं नाव घ्यायचं नाही. ॲप, वेबसाइट, लोगो हे शब्द दिसले की खोडा.

पान मेल करून मोकळं होऊ नका, समोर बसून मोठ्याने वाचून दाखवा. शेठ म्हणाले, ‘यात ॲप काहून नाही?’ मी म्हटलं, ‘भाऊ, गठ्ठे परत येणं थांबवायला ॲप लागलं तर करू. चिठ्ठी दोन भागांत छापून थांबलं तर?’ त्यांच्या मुलाला मात्र ॲप हवंच होतं, कारण शेजारच्या दुकानाने काढलं होतं. ही गरज हसण्यावारी नेऊ नका. बाजारात नाव दिसणं हीही धंद्याची गरज असते. फक्त ती वेगळ्या पानावर, वेगळ्या पैशांत लिहा.

आता पैशांचं. हे काम फुकट करू नका. शोधण्याचे पैसे वेगळे सांगा, आगाऊ घ्या, आणि शेवटच्या बिलातून वजा करून देऊ नका. कारण कधी कधी शोधाअंती निघतं की डिझाइनची गरजच नाही, एक माणूस जास्तीचा ठेवला की भागतं. तसं सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगितलं म्हणून तुमचं घरभाडं अडता कामा नये. पानाखाली तारीख टाका, दोघांच्या सह्या घ्या. मधेच काही नवीन कळलं तर जुनं पान फाडू नका. खाली नवी तारीख टाकून काय बदललं ते लिहा आणि पुन्हा सही घ्या. मुनीमजींनाही एक प्रत द्या, वही शेवटी त्यांच्याकडेच असते.