बुडालेल्या जहाजांवरचे लेख: शीर्षक देताना या चुका टाळा

मराठी ऑनलाइन ज्ञानकोशात ‘रामदास’ शोधलं की समर्थ रामदास यावेत, हे बरोबरच आहे. पण १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आणि सहाशेहून अधिक माणसांसह बुडालेली रामदास बोट शोधणारा वाचकही तोच शब्द टाइप करतो. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडालेल्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ यांचंही तेच. आपल्याकडे आगबोटींना संतांची आणि नद्यांची नावं असल्यामुळे शीर्षकाचा घोळ दुसऱ्या जहाजाच्या आधी माणसाशी किंवा नदीशीच होतो.

नावाआधी नुसतं ‘एसएस’ (स्टीमशिप, म्हणजे आगबोट) लावून मोकळं होणं

‘एसएस रामदास’ चुकीचं नाही, पण कोकणात असं कुणी म्हणत नाही. माझ्या मते, लेख जहाजाचा असेल तर ‘रामदास (जहाज)’ हे मुख्य शीर्षक ठेवावं आणि ‘रामदास बोट’, ‘एसएस रामदास’ ही पुनर्निर्देशनं करावीत, म्हणजे ती नावं शोधणाराही याच लेखावर पोहोचेल. ‘वैतरणा’बाबतही तसंच. कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे येताना नोव्हेंबर १८८८ मध्ये नाहीशी झालेली ही आगबोट लोकांच्या तोंडी ‘वीजळी’ होती, कारण तिच्यावर विजेचे दिवे होते. शीर्षक नोंदणीतल्या नावाने द्यावं, ‘वीजळी’वरून पुनर्निर्देशन करावं. आणि या लेखाला ‘वैतरणाचे अवशेष’ असं नाव तर मुळीच देऊ नये. तिचे अवशेष कधी सापडलेच नाहीत.

कंसात बुडाल्याचं वर्ष टाकणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. दुर्घटना डोक्यात असते, म्हणून हात त्याच सालाकडे जातो. पण लेख जहाजाचा असेल, तर कंसात जलावतरणाचं वर्ष हवं. ब्रिटिश नौदलाची एक ‘व्हिक्टरी’ १७३७ मध्ये पाण्यात उतरली आणि १७४४ मध्ये इंग्लिश खाडीत बुडाली. दुसरी, ॲडमिरल नेल्सनची, १७६५ मध्ये उतरली आणि ती आजही पोर्ट्समथला उभी आहे. जी बुडालीच नाही, तिच्या कंसात काय लिहिणार? एका जहाजापुढे जन्माचं साल आणि दुसऱ्यापुढे मरणाचं, अशी यादी वाचणाऱ्याने काय समजायचं?

मात्र जलावतरणाचं वर्ष म्हणजे रामबाण नव्हे. ‘लुसिटानिया’ बघा. या नावाची तीन जहाजं बुडाली. पहिलं १८७१ चं, ते १९०१ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर फुटलं. दुसरं पोर्तुगीज, १९११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप पॉइंटजवळ खडकावर चढलं. तिथला जुना दीपस्तंभ इतका उंचावर होता की धुक्यात त्याचा दिवा दिसायचा नाही. या अपघातानंतर खालच्या बाजूला नवा बांधला गेला. तिसरं क्युनार्ड कंपनीचं, ७ मे १९१५ रोजी आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलेलं, सगळ्यांना माहीत असलेलं. गंमत अशी की दुसरं आणि तिसरं, दोन्ही १९०६ चीच. इथे ‘लुसिटानिया (१९०६)’ लिहिलं की गोंधळ कायम. प्रसिद्ध जहाजाला साधं ‘लुसिटानिया’ द्यावं, दुसऱ्याला ‘लुसिटानिया (पोर्तुगीज जहाज)’, आणि तिन्ही लेखांच्या माथ्यावर निःसंदिग्धीकरणाची, म्हणजे याच नावाच्या इतर लेखांकडे बोट दाखवणारी, ओळ टाकावी.

युद्धनौकेचं नाव एकदाच वापरलं जातं असं मानणं

नौदलात नाव पुन्हा वापरायची प्रथा आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने बुडवलेली ‘खुकरी’ एफ१४९, आणि १९८९ मध्ये नौदलात दाखल होऊन २०२१ मध्ये निवृत्त झालेली ‘खुकरी’ पी४९. घोळ वाढवणारी बाब म्हणजे पहिलीचं स्मारक दीवमध्ये आहे आणि दुसरी प्रत्यक्ष नौकाही निवृत्तीनंतर दीवलाच नेली. तेव्हा ‘दीवची खुकरी’ लिहून काहीच स्पष्ट होत नाही. दोघींचे क्रमांक उपलब्ध आहेत, तेच कंसात घालावेत.

जहाज आणि दुर्घटना एकाच शीर्षकात कोंबणं

‘टायटॅनिक’वर इतकं साहित्य आहे की जहाज, बुडण्याची घटना आणि १९८५ मध्ये सापडलेले अवशेष असे तीन वेगळे लेख सहज होतात. ‘रामदास’चं तसं नाही. तिच्याविषयी जे लिहिलं गेलंय, ते बहुतेक त्या एका दिवसाचं. मजकूर घटनेचाच असेल तर ‘रामदास बोट दुर्घटना’ हे शीर्षक प्रामाणिक ठरतं. पण मग लेखाच्या कडेची माहितीचौकटही दुर्घटनेचीच हवी. चौकटीत इंजिन नि लांबी-रुंदी आणि शीर्षकात दुर्घटना, असं नको.

नाव बदललेली जहाजं हा आणखी एक खड्डा. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात ८५२ जणांसह बुडालेली ‘एस्टोनिया’ १९८० मध्ये बांधली तेव्हा ‘व्हायकिंग सॅली’ होती. शीर्षकात ज्या नावाने ती ओळखली जाते ते, बाकी सगळी पुनर्निर्देशनात.

आधीच घोळ झाला असेल तर

लेख स्थानांतरित करण्यापूर्वी, म्हणजे नव्या शीर्षकाखाली हलवण्यापूर्वी, ‘येथे काय जोडले आहे’ ही त्या पानाला जोडलेल्या पानांची यादी उघडा. नुसत्या ‘खुकरी’ला जोडलेली पानं एकेक करून वाचा, कारण १९७१ च्या युद्धाच्या लेखातला दुवा एकीकडे जायला हवा आणि दीवच्या पर्यटनाच्या लेखातला कदाचित दुसरीकडे. सांगकाम्याकडून (आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रामकडून) सरसकट बदल करून घेऊ नका. स्थानांतर झाल्यावर जुन्या शीर्षकावर निःसंदिग्धीकरण पान बनवा. तिथे प्रत्येक जहाजापुढे जलावतरणाचं वर्ष, मालक किंवा नौदल, आणि बुडालं असेल तर कुठे व केव्हा, एवढं एका ओळीत पुरे.