समाजशास्त्राच्या मूळ संकल्पना: ओळखीच्या शब्दांमुळे होणाऱ्या या चुका टाळा

समाजशास्त्राचा पेपर असो की गावात जाऊन करायचा प्रकल्प, अवघड संज्ञांपाशी विद्यार्थी सावध असतो. चुकतो तो समाज, समूह, संस्था, दर्जा, कुटुंब अशा शब्दांपाशी. हे शब्द रोज तोंडात असतात, त्यांचा रोजचा अर्थ नकळत वहीत उतरतो आणि पुढचं विश्लेषण घसरतं.

‘आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा’ असं आपण म्हणतो तेव्हा समाज म्हणजे जात किंवा पोटजात. शास्त्रात समाज म्हणजे माणसांमधल्या संबंधांची व्यापक व्यवस्था. तिच्यात सहकार्य असतं तसा संघर्षही असतो. मुलाखतीत ‘तुमच्या समाजात काय पद्धत आहे?’ असं विचारलंत तर उत्तर बहुधा जातीबद्दल मिळेल. गावाबद्दल हवं असेल तर ‘गावात’ म्हणा, भाऊबंदांबद्दल हवं असेल तर ‘भावकीत’ म्हणा. उत्तर देणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा टिपा आणि त्याचा शास्त्रीय अर्थ शेजारच्या रकान्यात लिहा.

गर्दीला समूह म्हणणे

दादरच्या फलाटावर लोकलची वाट पाहणारी माणसं हा समूह नाही, नुसती गर्दी आहे. राज्यातले दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेले सगळे शेतकरी हाही समूह नाही. ती आपण कागदावर केलेली वर्गवारी आहे. पण रोज ठरलेल्या लोकलच्या ठरलेल्या डब्यात भजन करणारी, एकमेकांसाठी जागा धरणारी, दसऱ्याला वर्गणी काढून डबा सजवणारी मंडळी हा नक्कीच समूह. शंका आली तर चार प्रश्न विचारा. यांचा आपसांत नियमित व्यवहार आहे का? आपलं कोण आणि बाहेरचं कोण, हे त्यांना माहीत आहे का? नियम मोडणाऱ्याला कोणी टोकतं का? एखादा सोडून गेला तरी समूह चालू राहतो का?

पुढची चूक प्राथमिक आणि दुय्यम समूहांची. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1909 मध्ये प्राथमिक समूहाची कल्पना मांडली ती समोरासमोरच्या, जिव्हाळ्याच्या संबंधांवरून. त्यामुळे ‘लहान म्हणून प्राथमिक’ हे उत्तर अपुरं आहे. बचत गटात साधारण 10 ते 20 सदस्य असतात, पण तो बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि नोंदी यांच्या नियमांवर चालतो, म्हणून रचनेने दुय्यम, म्हणजे जिव्हाळ्यापेक्षा कामासाठी जुळलेला. काही वर्षांनी त्यातल्याच बाया एकमेकींच्या बाळंतपणाला धावून जात असतील, तर दुय्यम रचनेत प्राथमिक संबंध तयार झाले असं लिहा. एकच शिक्का मारायची सक्ती कोणी केलेली नाही.

‘संस्था’ या शब्दाने तर सर्वांत जास्त गुण जातात. नोंदणी झालेली, पावतीपुस्तक असलेली ‘शिक्षण संस्था’ समाजशास्त्राच्या भाषेत मंडळ आहे. सामाजिक संस्था म्हणजे रूढ झालेली नियमांची चौकट. साधी कसोटी अशी: तिचं सभासद होता येतं का? वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवता येतं, म्हणून ते मंडळ. विवाहाचं सभासदत्व नसतं, म्हणून विवाह ही संस्था.

दर्जा म्हणजे प्रतिष्ठा नव्हे. ‘दर्जेदार’ या शब्दामुळे ती छटा डोक्यात बसते. दर्जा म्हणजे सामाजिक रचनेतलं स्थान: सून, सरपंच, शेतमजूर हे सगळे दर्जेच. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांनी 1936 मध्ये अर्पित (जन्माने मिळालेला) आणि अर्जित (स्वतः मिळवलेला) दर्जा हा फरक मांडला, पण प्रत्येक उदाहरण एकाच खणात बसेल असं नाही. सरपंचपद निवडून मिळतं, म्हणून अर्जित; जागा राखीव असेल तर तिथे उभं राहण्याची पात्रता मात्र जन्माने ठरते. दर्जानुसार जे वागणं अपेक्षित असतं ती भूमिका. सुनेवरच सरपंच म्हणून सासऱ्यांच्या अतिक्रमणावर ठराव घ्यायची वेळ आली, तर सून आणि सरपंच या दोन भूमिका भिडतात. हा भूमिका संघर्ष. ग्रामसभेला खूश ठेवणं आणि घरपट्टी वसूल करणं ही ओढाताण एकट्या सरपंचाच्या भूमिकेतली. हा भूमिका ताण.

वेगळी चूल म्हणजे विभक्त कुटुंब?

सर्वेक्षणातली सर्वांत महागडी चूक इथे होते. 2011 च्या जनगणनेत एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्ती, म्हणजे मुख्यतः चूल, हा मोजणीचा एकक होता. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये एकत्र कुटुंबाची व्याख्या केली तेव्हा छप्पर, चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवकार्य आणि नातं हे सगळं धरलं. आता कोकणातलं एखादं घर घ्या. एक भाऊ गावी, एक मुंबईत, एक पुण्यात. चुली तीन. पण सातबारा सामाईक, गणपती मूळ घरीच बसतो, छप्पर शाकारायला पैसे मुंबईहून येतात. चूल मोजली तर तीन घरं, मालमत्ता आणि देवकार्य पाहिलं तर एक कुटुंब. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. चूक होते ती पहिलीवरून ‘एकत्र कुटुंब मोडलं’ असा निष्कर्ष काढण्यात.

म्हणून प्रश्नावलीत या पाच गोष्टींना पाच रकाने ठेवा. सहावा पैशांच्या ये-जा साठी. चूल कधी आणि कशामुळे वेगळी झाली तेही विचारा, कारण आज नवरा-बायको-मुलं एवढंच असलेलं घर मुलाच्या लग्नानंतर पुन्हा एकत्र होऊ शकतं. रेशनकार्डावर विसंबू नका. कार्डं वेगळी करण्यामागे योजनेचा लाभ हेही कारण असू शकतं.

समूहाचा आकडा व्यक्तीवर लादणे

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या. यावरून राज्याबद्दल बोलता येतं, समोर बसलेल्या कुटुंबाबद्दल नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवरून हा धोका दाखवला. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसत होती. प्रत्यक्षात परदेशात जन्मलेल्यांमध्येच साक्षरता कमी होती. ते मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच.

उलटी चूकही तितकीच होते: एकेका व्यक्तीच्या कारणांवरून समूहाचा आकडा समजावणे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1897 मध्ये आत्महत्यांचा अभ्यास केला तो ‘या माणसाने असं का केलं’ हे शोधण्यासाठी नव्हे, तर वेगवेगळ्या समूहांतलं प्रमाण वर्षानुवर्षं वेगळं का राहतं हे समजून घेण्यासाठी. अहवालातलं प्रत्येक विधान तपासताना समासात ‘व्यक्ती’, ‘समूह’ किंवा ‘समाज’ यांपैकी एक शब्द लिहा. मग त्या विधानाखालचा पुरावा त्याच पातळीचा आहे का ते बघा. नसेल तर विधान बदला किंवा पुन्हा गावात जा.