घरच्या बिअरसाठी सेल्फ-प्रायमिंग पंप कसा निवडायचा

पंप विकत घेण्याआधी वर्ट (धान्यापासून काढलेला, अजून न आंबवलेला गोड द्रव) उकळण्याच्या भांड्याकडे एकदा नीट पाहा. तळाशी नळ असेल आणि पंप त्या नळाच्या खाली ठेवता येत असेल, तर सेल्फ-प्रायमिंगची, म्हणजे कोरड्या नळीतली हवा पंपानेच काढून द्रव वर ओढण्याची, गरज नाही. साधा मॅग्नेटिक ड्राइव्हचा सेंट्रिफ्यूगल पंप (चुंबकाने फिरणाऱ्या चाकाने द्रव ढकलणारा) तिथे उत्तम चालतो. तो कमी आवाज करतो आणि डिलिव्हरीचा (द्रव बाहेर पडण्याच्या बाजूचा) कॉक अर्धा बंद करून प्रवाह कमी केला तरी त्याला काही होत नाही. मात्र त्याला हवा ओढता येत नाही. पाण्यापेक्षा हवा सुमारे ८०० पट हलकी असते, त्यामुळे इम्पेलर (पंपातले पात्यांचे चाक) हवेत कितीही फिरला तरी सक्शन (ओढ) तयार होत नाही. भांड्याला नळ नसेल आणि काठावरून नळी सोडून वर्ट उचलायचा असेल, तेव्हाच सेल्फ-प्रायमिंग पंप शोधायला लागा.

‘सेल्फ-प्रायमिंग’ हा शब्द दोन वेगळ्या प्रकारच्या पंपांवर छापलेला असतो. डायफ्रॅम (लवचिक पडदा पुढेमागे हलवणारा), पेरिस्टाल्टिक (रोलरने नळी दाबत द्रव ढकलणारा) आणि रबरी पात्यांचा फ्लेक्झिबल इम्पेलर पंप कोरड्या नळीतून हवा काढून द्रव वर आणतात. दुसऱ्या प्रकारच्या सेंट्रिफ्यूगल पंपांना पुढे एक कप्पा असतो आणि तो पहिल्यांदा हाताने भरावा लागतो. बागेसाठीचे बरेच पंप याच प्रकारचे असतात. त्यांचे आतले भाग खाद्यपदार्थांसाठी बनवलेले नसतात, म्हणून ते वर्टसाठी घेऊ नका. विकणाऱ्याला नेमका प्रश्न विचारा: नळी कोरडी असताना पंप किती उंचीवरून पाणी उचलतो?

उत्तरात मिळालेला आकडा थंड पाण्याचा असतो. इथेच सर्वाधिक फसगत होते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो आणि पंपाच्या सक्शनकडे द्रव ढकलतो तो हाच दाब. द्रव तापला की त्याची वाफ उलट दाब देते. हा दाब ६५ अंश सेल्सिअसला सुमारे अडीच मीटर, ८० अंशांना पावणेपाच आणि ९५ अंशांना साडेआठ मीटरच्या घरात जातो. म्हणजे ९५ अंशांच्या वर्टसाठी कागदावरसुद्धा पावणेदोन मीटरच उरतात आणि त्यातूनच नळीचे घर्षण व पंपाच्या व्हॉल्व्हचा अडथळा वजा होतो. उकळत्या वर्टसाठी काहीच उरत नाही. नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंप घरघरतो आणि उचलणे थांबते. यात पंपाचा दोष नसतो, त्यामुळे मोठा पंप आणूनही उपयोग होत नाही. वर्ट आधी ८० अंशांपर्यंत उतरू द्या आणि पंप शक्य तितका खाली, द्रवाच्या पातळीखाली ठेवा. सेल्फ-प्रायमिंग पंप असला तरी हे करावेच.

आता पंपांचे प्रकार. २० ते २५ लिटरच्या बॅचसाठी आमची पहिली पसंती पेरिस्टाल्टिक पंपाला आहे. यात वर्टचा संबंध फक्त सिलिकॉनच्या नळीशी येतो, पंप कोरडा चालला तरी बिघडत नाही आणि नळी काढून उकळता येते. त्याची मर्यादा म्हणजे वेग. मिनिटाला १ लिटर देणारा पंप २० लिटर वर्ट २० मिनिटांत हलवतो, तेवढे चालते. पण मत्स्यालयात औषध सोडायला वापरतात तो मिनिटाला १०० मिलिलिटरचा पंप घेतलात, तर त्याच कामाला सव्वातीन तासांहून जास्त लागतील. रोलरखाली दबणारा नळीचा भाग झिजतो, म्हणून नळी थोडी लांब ठेवा आणि अधूनमधून पुढे सरकवा.

१२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप जोरकस असतो, पण त्याची तापमानाची मर्यादा वाचल्याशिवाय घेऊ नका. पाण्यासाठी बनवलेल्या अशा अनेक पंपांना मॅशचे (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचे) ६५ अंशही झेपत नाहीत. त्याच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कण अडकला की मोटर फिरत राहते आणि पाणी मात्र येत नाही. त्यामुळे हॉप्स पिशवीत घाला आणि सक्शनला जाळी लावा. फ्लेक्झिबल इम्पेलरच्या पंपाला कण चालतात, पण कोरडे फिरणे चालत नाही. द्रव हेच त्याचे वंगण असल्याने कोरडा फिरला की रबरी पाती थोड्या वेळात जळतात.

या तिन्ही प्रकारांत डिलिव्हरीचा कॉक आवळून प्रवाह कमी करू नका. नळी निसटते किंवा प्रेशर स्विच सतत चालू-बंद होत राहतो. मोटरचा वेग कमी करा, नाहीतर डिलिव्हरीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून जास्तीचा प्रवाह भांड्यात परत सोडा. मॅशमधला वर्ट पंपाने फिरवताना मिनिटाला २ ते ४ लिटर पुरेत. त्याहून जोरात ओढले की धान्याचा थर घट्ट बसतो, वर्ट खाली उतरत नाही आणि पंप हवा धरतो.

सक्शनची नळी पंपाच्या तोंडापेक्षा अरुंद नको आणि शक्यतो १ मीटरपेक्षा लांब नको. मऊ पीव्हीसी नळी गरम वर्टने ढिली पडून सक्शनमध्ये चपटी होते. जाड भिंतीची किंवा आत जाळी असलेली सिलिकॉनची नळी घ्या. सक्शनकडचा जोड सैल असेल तर तिथून थेंब गळत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. डिलिव्हरीला पारदर्शक नळी लावा आणि बुडबुडे दिसले तर एकेका जोडावर पाणी ओता. ज्या जोडावर पाणी ओतल्यावर बुडबुडे थांबतील, तिथला क्लॅम्प आवळा.

याच कारणासाठी आंबवून झालेली बिअर या पंपांनी हलवू नये. सैल जोडातून ऑक्सिजन शिरून चव जाते. शिवाय सक्शनमुळे बिअरमधला कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस होतो आणि पंप उचलणे सोडतो. तिथे फर्मेंटर (आंबवण्याचे भांडे) उंचावर ठेवून सायफन करणेच बरे.

‘स्टेनलेस स्टील’ हे वर्णन अनेकदा फक्त बाहेरच्या आवरणाचे असते. डायफ्रॅम, व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग कशाच्या आहेत ते विचारा. सिलिकॉन, ईपीडीएम रबर किंवा टेफ्लॉन चालेल, तेही खाद्यपदार्थांसाठी प्रमाणित असायला हवे. पंपाचे डोके चार स्क्रू काढून उघडता आले पाहिजे. वापर संपताच कोमट पाणी फिरवा, मग लिटरला ५ ग्रॅम सोडियम परकार्बोनेट घातलेले पाणी पंपाला झेपेल इतके गरम करून १५ मिनिटे फिरवा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीच वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात. गार झालेला वर्ट पंपातून जाणार असेल तर त्याआधी सॅनिटायझर फिरवायलाच हवा.

अडॅप्टर पंपाच्या करंटच्या दीडपट क्षमतेचा घ्या, म्हणजे ४ अँपिअरच्या पंपाला ६ अँपिअरचा. तो भांड्यापासून दूर आणि उंचावर ठेवा.

पहिली चाचणी वर्टवर नको, पाण्यावर करा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा ५० सेंटिमीटर वर ठेवून कोरड्या नळीने सुरू करा. थंड पाणी साधारण २० सेकंदांत वर यायला हवे. मग १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा, कारण खोक्यावरचा प्रवाहाचा आकडा बहुधा काहीही उंची नसतानाचा असतो. पंपाची मर्यादा परवानगी देत असेल तर हेच ७० अंशांच्या पाण्याने पुन्हा करा. थंड पाणी उचलले आणि गरम उचलले नाही, तर आधी सक्शनची नळी चपटी होते का ते पाहा. नळी ठीक असेल तर डोके उघडून व्हॉल्व्हचे रबर मऊ पडले आहे का ते तपासा.