पहिल्यांदा वर्गावर जाताना

शिक्षक व्हायच्या ट्रेनिंगमध्ये प्राथमिकच्या वर्गावर शिकवायला जायची वेळ येते ना, तेव्हा सगळं लक्ष स्वतःकडेच असतं, आवाज मागपर्यंत जाईल का, पाठ वेळेत संपेल का, मागे बसलेल्या मार्गदर्शक बाई वहीत काय लिहितायत. माझंही तसंच झालं आणि त्या नादात पहिला आठवडा मी मुलांकडे धड बघितलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, सुरुवातीला शिकवायची घाई करू नका, आधी बघा.

पहिले दोन-तीन दिवस बहुतेक निरीक्षणाचे असतात, मागच्या बाकावर बसायचं असतं. तेव्हा वहीत बाकांचा नकाशा काढा आणि हजेरी चालू असताना कोण कुठून 'हजर' म्हणतंय ते बघून नावं भरत जा, नावं लवकर पाठ होतात. 'ए, निळ्या दप्तरवाल्या' म्हणणं आणि नावाने हाक मारणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग वर्गशिक्षिकेकडे बघा, आणि नुसतं काय शिकवतायत ते नाही तर मधल्या मधल्या वेळात काय करतात ते, वह्या काढायला सांगताना कुठे उभ्या राहतात, एका बाकावर कुजबुज सुरू झाली की न ओरडता, शिकवणं न थांबवता हळूच तिथे कशा जाऊन उभ्या राहतात. जेकब कुनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचा अभ्यास करून १९७० मध्ये साधारण हेच मांडलं, की चांगला चालणारा वर्ग आणि न चालणारा वर्ग यातला फरक मुलांनी दंगा केल्यावर शिक्षक काय करतात यात फारसा नसतो, दंगा होऊच नये म्हणून आधी काय करतात यात असतो.

सूचना देणं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि हीच सगळ्यात जास्त चुकते. माझ्या पहिल्या पाठात मी आधी कागद वाटले आणि मग काय करायचं ते सांगायला लागले, तोपर्यंत चार-पाच जणांनी घड्या घातल्या होत्या, एकाने त्यावर नाव लिहून रंगवायला घेतलं होतं, दोघींमध्ये मोठा कागद कुणाचा यावरून भांडण लागलं होतं, माझं बोलणं कुणाच्या कानावरही गेलं नाही. त्यात मुलांची काही चूक नव्हती, हातात वस्तू आली की मूल त्या वस्तूचंच होणार. तेव्हा आधी शांतता, मग सूचना, तीही एका वेळी एकच, मग एखाद्या मुलाकडून 'काय करायचंय, सांग बरं' असं वदवून घ्यायचं आणि त्यानंतरच साहित्य वाटायचं.

'समजलं का?' हा प्रश्न तर सोडूनच द्या. सगळा वर्ग एका सुरात 'होऽऽ' म्हणतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा एक गणित घाला आणि फिरून वह्या बघा. मी ५२ वजा २७ घातलं होतं, एका मुलीचं उत्तर ३५. मी लगेच लाल पेन काढणार होते, पण वर्गशिक्षिका म्हणाल्या, आधी तिला विचार कसं केलंस. ती म्हणाली, 'बाई, दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन काढले.' म्हणजे तिने नीट विचार केला होता, फक्त हातच्याची वजाबाकी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मग काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, यातून २७ मला दे. दोन गठ्ठे पटकन दिले, सात सुट्या कुठून द्यायच्या म्हणून थोडा वेळ नुसती बघत बसली, आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर काढला. नुसती फुली मारली असती तर हा रबर निघालाच नसता. चुकीचं उत्तर दिसलं की 'कसं केलंस?' हे आधी, आणि रागावल्यासारखं नाही, खरंच जाणून घ्यायचंय अशा आवाजात.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या संशोधक बाईंना दिसलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि ३ सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. ३ सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गात उभं राहून ते फार लांब वाटतात, मनातल्या मनात आकडे मोजा.

पाठाचं टाचण नीट काढा पण वेळेचा अंदाज चुकणारच, म्हणून एक जादाची कृती जवळ ठेवा आणि गरज पडली तर कोणता भाग गाळायचा तेही आधीच ठरवा. फळ्यावर लिहून झालं की मागे जाऊन स्वतः वाचून बघा. घसा जपा, पाणी जवळ ठेवा, वर्गाच्या वर आवाज चढवला की वर्गही चढवतो.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. मुलं नवीन बाईंना पटकन जीव लावतात आणि कधी कधी घरचं काहीतरी सांगतात, 'कुणाला सांगू नका हं' असं म्हणून. तसं वचन देऊ नका. शांतपणे ऐकून घ्या, खोदून खोदून विचारू नका, आणि मूल त्रासात आहे असं वाटलं तर त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला किंवा मुख्याध्यापकांना सांगा.

पाठ झाल्यावर मार्गदर्शक दहा गोष्टी सांगतील, त्यातली दुसऱ्या दिवशी एकच धरा. आणि रोज घरी गेल्यावर बाकांचा तो नकाशा उघडून आज ज्यांच्याशी आपण एक शब्दही बोललो नाही त्यांच्या नावापुढे टिंब करा. माझ्या नकाशात पहिल्या आठवड्यात खिडकीकडची एक अख्खी रांग टिंबांनी भरली होती, कारण मी फळ्याच्या दुसऱ्या बाजूलाच उभी राहायचे. दुसऱ्या दिवशी जागा बदलली.